प्रश्न कोल्हापूरचा, पैसा कुठला? आरोग्यसेवेवर संशोधन करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

गोवराची लस काम करते हे सिद्ध होऊन कित्येक दशकं झाली. पण जुलैच्या पावसात गगनबावड्यातल्या एखाद्या धनगरवाड्यावर ती वेळेत पोचते का, आरोग्यसेविका तिथवर कशी जाते, रस्ता बंद झाला तर तारीख कोण बदलतं आणि ते आईला कोण कळवतं, याची उत्तरं कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाहीत. ती शोधायला वेगळं संशोधन लागतं. सेवा कशी चालते, कुठे अडते, कुणापर्यंत पोचत नाही आणि काय बदललं तर पोचेल, हा त्याचा विषय. त्यात औषधाचा शोध नसतो, मोठं यंत्र नसतं. तरीही माणसं, प्रवास आणि वेळ लागतो, म्हणजेच पैसा लागतो.

हा लेख तो पैसा मिळवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी आहे. तुम्ही जनऔषधवैद्यकशास्त्राचे पीजी विद्यार्थी असाल, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मेडिकल ऑफिसर असाल, गडहिंग्लजच्या एखाद्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवत असाल किंवा शिरोळमध्ये छोटी संस्था चालवत असाल. अशा लोकांना पडणारे प्रश्न मोठ्या शहरातल्या संशोधकांना सुचतही नाहीत, म्हणून हे काम तुम्ही करावं असं मला मनापासून वाटतं.

१. उत्तर ज्याला हवंय त्याला आधी गाठा

बहुतेक जण उलट्या टोकानं सुरुवात करतात. जाहिरात दिसते, शेवटची तारीख जवळ असते आणि मग विषय शोधायची धावपळ होते. असा प्रस्ताव वाचणाऱ्याला पहिल्या पानावरच ओळखू येतो.

आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊन बसा. एखाद्या पीएचसीत आशाताईंची मासिक बैठक असते, तिथे परवानगी घेऊन मागच्या खुर्चीवर बसा. कशावर वाद होतो, कोणता रकाना भरताना सगळ्या कुरकुरतात, कोणत्या गावाचं नाव निघालं की शांतता पसरते, हे ऐका. प्रश्न तिथेच सापडतो.

एक उदाहरण घेऊ, ते पुढेही लागेल. दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या आपल्याकडे येतात आणि साधारण मार्चपर्यंत राहतात. त्यांत गरोदर बायका असतात. त्यांची नोंद गावाकडच्या उपकेंद्रात झालेली असते आणि मुक्काम इथल्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत असतो. ‘ऊसतोड महिलांच्या आरोग्याचा अभ्यास’ असा विषय लिहिलात तर तो चांगला वाटेल, पण त्यातून डीएचओंना (जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना) करण्यासारखं काही हाती लागणार नाही. हाच प्रश्न असा मांडून बघा: ‘साखर कारखान्याच्या शेती विभागाकडून दर पंधरवड्याला टोळ्यांच्या मुक्कामाची यादी पीएचसीला मिळाली, तर हंगामात गरोदर महिलांची नोंदणी आणि तपासणी वाढते का?’ कोणती टोळी कोणत्या शिवारात आहे हे चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या शेतावरच्या माणसाला माहीत असतं. आरोग्य खात्याला ते माहीत नसतं. या दोघांना जोडणं हीच तुमची कल्पना, आणि ती चालते का हे तपासणं हे तुमचं संशोधन. उत्तर ‘हो’ आलं तर पुढच्या हंगामात एका पत्रानं ते लागू करता येईल.

प्रश्न जमला की नाही याची माझी एकच कसोटी आहे. उत्तर मिळाल्यावर उद्या सकाळी कोणता अधिकारी कोणतं काम वेगळ्या पद्धतीनं करेल, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर अजून दोन-चार माणसांना भेटा.

असं संशोधन कुठवर जाऊ शकतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीत १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २०११ पासून तीच पद्धत देशभरात आशांमार्फत राबवली जाते. आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्यामागे हा अभ्यास आहे. त्यातही प्रश्न असा होता की उत्तर मिळताच काम बदलता येईल.

२. दार कुणाचं आहे ते ओळखा

बाहेरून सगळं ‘सरकारी दवाखाना’ दिसतं, पण आतली घरं वेगळी आहेत. चुकीच्या दारात अर्ज दिला की महिना-दोन महिने सहज जातात.

उपकेंद्रं आणि पीएचसी जिल्हा परिषदेच्या, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि त्यांच्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी. ग्रामीण रुग्णालयं आणि गडहिंग्लजसारखं उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. कोल्हापुरातलं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, तिथे अधिष्ठात्यांची परवानगी लागते आणि खातंही वेगळं, वैद्यकीय शिक्षणाचं. कोल्हापूर शहरातली नागरी आरोग्य केंद्रं महापालिकेची. इचलकरंजीत २०२२ पासून स्वतंत्र महापालिका आहे, त्यामुळे तिथली परवानगी तिथेच. अभ्यास एकाहून जास्त जिल्ह्यांत असेल तर कोल्हापूर मंडळाच्या आरोग्य उपसंचालकांकडे जावं लागतं.

परवानगीचं पत्र प्रस्तावासोबत जोडायचं असतं. त्यात ‘हरकत नाही’ एवढंच नको. ‘या अभ्यासाचे निष्कर्ष आम्हाला नियोजनासाठी उपयोगी पडतील’ असं एक वाक्य मिळालं तर पैसे देणाऱ्यांच्या नजरेत त्याचं वजन फार असतं. मसुदा तुम्हीच लिहून न्या, साहेब हवे ते बदल करतील.

३. आधीपासून गोळा झालेली माहिती वाचा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं (२०१९-२१) कोल्हापूर जिल्ह्याचं माहितीपत्रक इंटरनेटवर मोफत मिळतं. एचएमआयएस या आरोग्य खात्याच्या माहिती प्रणालीवर दरमहा आकडे जातात. क्षयरोगासाठी निक्षय, साथींसाठी आयएचआयपी, गरोदर माता आणि बालकांसाठी आरसीएच पोर्टल आहे. यांतल्या काही ठिकाणी जाहीर आकडे दिसतात, बाकीच्यांसाठी कार्यालयाकडे लेखी मागणी करावी लागते.

‘या विषयावर माहितीच नाही’ असं लिहून मोकळं होऊ नका. माहिती बहुधा असते, पण ती तालुक्याच्या पातळीवर कुणी उलगडून पाहिलेली नसते. एचएमआयएसच्या आकड्यांत एखाद्या पीएचसीत काहीतरी विचित्र दिसतंय, हेच तुमच्या प्रस्तावाचं पहिलं पान होऊ शकतं. शिवाय उपलब्ध आकड्यांवर केलेला छोटा अभ्यास जवळपास बिनपैशात होतो आणि पुढच्या मोठ्या अर्जात ‘आम्ही हे आधी केलंय’ असं दाखवता येतं.

४. पैसे कोण देतं

पैसे देणाऱ्यांची यादी लांब आहे, पण नवख्यासाठी त्यातली थोडीच नावं कामाची.

*विद्यार्थ्यांसाठी.* एमबीबीएस किंवा बीडीएस करत असाल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे. १९७९ पासून ती सुरू आहे. दोन महिन्यांचं काम, एक मार्गदर्शक, छोटा अहवाल. रक्कम लहान, पण प्रस्ताव लिहायची शिस्त इथेच लागते. क्षयरोगावर पीजीचा प्रबंध करणार असाल तर क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात त्यासाठी वेगळी मदत आहे. ती राज्याच्या टास्क फोर्समार्फत मिळते, कॉलेजातल्या क्षयरोग विभागाच्या कोअर कमिटीत चौकशी करा. हा मार्ग कमी लोकांना ठाऊक आहे आणि माझ्या मते पहिल्या अर्जासाठी सगळ्यात चांगला आहे, कारण प्रश्न थेट कार्यक्रमाचेच असतात: रुग्ण मध्येच औषध का सोडतो, खासगी डॉक्टर नोंद का करत नाहीत.

*समाजशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य शिकवणाऱ्यांसाठी.* १९६९ साली स्थापन झालेली भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर. तिचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबईत आहे. मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे प्रकल्प निघतात. आरोग्यसेवेवरचा खर्च, आशांच्या कामाचं स्वरूप, स्थलांतरितांना मिळणारी सेवा हे विषय तिथे नीट बसतात. डॉक्टर नसल्यामुळे आपल्याला आरोग्यावर संशोधन करता येणार नाही, असा समज कॉलेजांमध्ये पक्का बसलाय. तो सोडून द्या. सेवा का अडते हा प्रश्न निम्म्याहून जास्त समाजाचा आणि व्यवस्थेचा असतो.

*मोठ्या कामासाठी.* आयसीएमआरचा एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांना अनुदान देणारा कार्यक्रम. अलीकडच्या जाहिरातींत लहान प्रकल्पांना दोन कोटींपर्यंत आणि मध्यम प्रकल्पांना दोन ते आठ कोटींपर्यंत अशी रचना आहे. ‘लहान’ म्हणजे दोन कोटी ऐकून घाबरू नका, पंचवीस-तीस लाखांचा नीट विचार केलेला प्रस्तावही त्याच गटात जातो. अर्ज ऑनलाइन, मुख्य संशोधक बहुधा संस्थेत कायम नोकरीवर असलेला हवा. अंमलबजावणीवरच्या संशोधनासाठी वेगळ्या जाहिराती निघतात, आपल्या कामाला त्या जास्त जवळच्या. २००७ साली स्थापन झालेल्या आरोग्य संशोधन विभागाच्याही अनुदान योजना आहेत. आणि डॉक्टर किंवा आरोग्य संशोधक म्हणून पुढची काही वर्षं यालाच द्यायची असतील, तर केंद्र सरकार आणि वेलकम ट्रस्टच्या, २००८ पासून चालू असलेल्या इंडिया अलायन्सच्या क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्य फेलोशिपकडे बघा. स्पर्धा कडक आहे.

*जिल्ह्यातच.* याकडे नवखे वळतच नाहीत. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद असते. जिल्हा परिषदेचा स्वनिधी असतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या आराखड्यात नव्या उपक्रमांसाठी जागा असते. इथे ‘संशोधन’ या शब्दावर पैसे मिळणं अवघड. पण ‘ऊसतोड महिलांसाठी नोंदणी उपक्रम आणि त्याचं मूल्यमापन’ म्हटलं की गोष्ट पुढे सरकते, कारण अधिकाऱ्याला खर्च कशावर झाला हे दाखवता येतं. ही रक्कम छोटी असते आणि ती साधारणपणे खात्यामार्फतच खर्च होते, म्हणून आरोग्य विभाग हाच पुढाकार घेणारा असायला हवा. तुम्ही त्याचे तांत्रिक सहकारी.

*कंपन्यांचा सीएसआर.* कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या कंपन्या त्यात येतात. पण सीएसआर पाहणाऱ्या व्यक्तीला शोधनिबंधाशी देणंघेणं नसतं, तिला काम दिसायला हवं. म्हणून सेवा आणि अभ्यास जोडून मांडा: फौंड्री कामगारांची रक्तदाब तपासणी हा उपक्रम, आणि तपासणीत सापडलेल्यांपैकी किती जण सहा महिन्यांनी औषध घेतायत, का घेत नाहीत, हा त्यातला अभ्यास. दुसरा रस्ता असा की, कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सरकारी निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांना संशोधनासाठी दिलेली रक्कमही धरली जाते. म्हणजे शिवाजी विद्यापीठामार्फत जाणंही शक्य आहे.

*परदेशी पैसा.* पहिल्या अर्जासाठी या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. संस्थेला परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी हवी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेली परदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. त्यामुळे ‘पुण्यातली मोठी संस्था घेईल आणि आम्हाला देईल’ हा जुना मार्ग बंद आहे. शिवाय परदेशी मदतीच्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, तो अर्ज आयसीएमआरमार्फत जातो. वेळ भरपूर लागतो.

५. संस्था आणि तिची कागदपत्रं

अनुदान बहुतेक वेळा व्यक्तीला न देता संस्थेच्या खात्यावर देतात. कॉलेज किंवा विद्यापीठ असेल तर हा भाग सोपा. खासगी संस्था असाल तर नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी प्रमाणपत्रं, स्वयंसेवी संस्थांच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक हे तयार ठेवा. सीएसआरसाठी सीएसआर-१ हा अर्ज भरलेला हवा, १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे. केंद्र सरकारच्या संशोधन अनुदानासाठी स्वयंसेवी संस्थांना डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता मागितली जाते. ती नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना मुख्य संशोधक करा आणि तुम्ही सहसंशोधक व्हा. त्यात कमीपणा नाही. मात्र कोण काय करणार, माहिती कुणाकडे राहणार आणि लेखकांत कुणाची नावं येणार हे सुरुवातीलाच कागदावर लिहून सह्या करा.

संख्याशास्त्रज्ञ आधीच सोबत घ्या. शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे, वैद्यकीय महाविद्यालयांतही असे लोक आहेत. माहिती गोळा करून झाल्यावर त्यांच्याकडे गेलात तर ते फक्त हळहळू शकतात. गावात फिरायला माणसं हवी असतील तर कोल्हापुरातल्या ‘सायबर’ या शिक्षणसंस्थेतल्या एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या) विद्यार्थ्यांचा जरूर विचार करा. त्यांना मुलाखत घ्यायचं शिक्षण असतं आणि जिल्ह्यातली गावं माहीत असतात.

६. प्रस्ताव लिहिताना

प्रस्ताव इंग्रजीत लिहावा लागतो. तरी आधी मराठीत एक पान लिहा आणि ते आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या एखाद्या गटप्रवर्तक ताईंना वाचायला द्या. त्यांना कळलं तर तुमचा विचार साफ आहे.

परीक्षक तीन गोष्टी शोधतात: प्रश्न नेमका आहे का, पद्धत त्याला साजेशी आहे का आणि हे लोक ते खरंच करू शकतील का. तिसऱ्यावर नवख्यांचे प्रस्ताव पडतात. म्हणून कामाचं वेळापत्रक आपल्या जिल्ह्याच्या ऋतूंवर बसवा. जून ते सप्टेंबर शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याच्या डोंगरभागात घरोघरी फिरणं ठेवू नका. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै पाहिलेल्या शिरोळ-करवीरच्या पूरपट्ट्यात पावसाळ्याचे दोन महिने राखीव धरा. आणि पूरकाळातल्या सेवेचाच अभ्यास असेल, म्हणजे डायलिसिसच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णांचं पाणी चढल्यावर काय होतं, तर परवानग्या मे महिन्यातच हातात हव्यात. पाणी पंचगंगेच्या घाटावर आल्यावर तुम्हाला सही द्यायला कुणीही रिकामं नसतं. ऊसतोड टोळ्यांचा अभ्यास नोव्हेंबर ते मार्चमध्येच होणार, म्हणून मंजुरी जानेवारीत मिळाली तर काय कराल हेही लिहा. अशी वाक्यं वाचली की परीक्षकाला कळतं, या माणसाचे पाय जमिनीवर आहेत.

नमुना किती घ्यायचा, याचं एक प्राथमिक गणित. एखाद्या गोष्टीचं प्रमाण किती हे अजिबात माहीत नसेल तर ५० टक्के धरतात. ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चूक चालेल म्हटलं तर ३८४ लोक लागतात. पण एका टोळीतल्या बायकांची परिस्थिती एकसारखी असते, त्यामुळे संख्या वाढवावी लागते. दीडपट केली तर ५७६, म्हणजे साधारण ६०० धरा. आपल्या उदाहरणात यादी मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या पीएचसींची तुलना करायची आहे. तिचं गणित वेगळं असतं आणि ते संख्याशास्त्रज्ञांनीच करावं, पण खर्चाचा पहिला अंदाज बांधायला ६०० पुरेत.

७. बजेट

हा भाग सावकाश वाचा, इथेच अभ्यास तरतो किंवा बुडतो.

बजेट पैशापासून सुरू करू नका, दिवसांपासून करा. ६०० बायकांना भेटायचंय. त्या पहाटे फडात जातात, दुपारनंतर कोपीवर येतात आणि मग पाणी, सरपण, स्वयंपाक. बोलायला वेळ संध्याकाळचाच. एका कार्यकर्तीच्या एका संध्याकाळी चारच मुलाखती होतील. म्हणजे १५० संध्याकाळी, तिघीजणी असतील तर ५०. टोळी दुसऱ्या शिवारात हलली, बाई भेटली नाही, यासाठी पंधरा संध्याकाळी वाढवा. झाले दोन-अडीच महिने. आधी पंधरा दिवस प्रशिक्षण आणि प्रश्नावलीची चाचणी, नंतर महिनाभर माहिती तपासणं. म्हणजे तिघींचा पगार चार महिने. असा हिशेब मांडलात तर एकही आकडा हवेतला राहत नाही आणि परीक्षकानं कात्री लावली तरी कुठे लावावी हे तुम्हाला सांगता येतं.

प्रवास नकाशावरचे किलोमीटर मोजून धरू नका. संध्याकाळी सातनंतर शिवारातून परतायला वडाप (शेअर गाडी) मिळत नाही. बायका काम करणार असतील तर परतीची गाडी ठरवलेलीच हवी, आणि ती बजेटात ‘सुरक्षित प्रवास’ म्हणून स्वतंत्र दाखवा.

आता आशाताईंबद्दल. कितीतरी प्रस्तावांत ‘आशांच्या मदतीने माहिती गोळा केली जाईल’ असं वाक्य असतं आणि बजेटात त्यांच्या नावावर एक रुपयाही नसतो. आशांचं उत्पन्न बरंचसं कामावर आधारित मोबदल्यावर अवलंबून असतं. तुमच्यासोबत घालवलेला दिवस म्हणजे त्यांचा दुसऱ्या कामाचा बुडालेला दिवस. गावात दार उघडतं ते त्यांच्या शब्दावर, तुमच्या ओळखपत्रावर नाही. ज्या सेवा सुधारण्यासाठी आपण संशोधन करतो, त्या सेवा ज्यांच्या खांद्यावर आहेत त्यांच्याच श्रमाची किंमत शून्य धरायची, हे मला कधीच पटलेलं नाही. दिवसाचं मानधन आणि प्रवासखर्च स्वतंत्र ओळीत लिहा आणि ते देण्याला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी मान्यता घ्या. मुलाखत देणाऱ्या बाईची मजुरी बुडत असेल तर तीही भरून देता येते. ते आमिष ठरेल इतकं मोठं नसावं एवढंच, आणि एथिक्स कमिटीला (संशोधनाची नीतिमत्ता तपासणाऱ्या समितीला) आधी सांगितलेलं असावं.

विसरल्या जाणाऱ्या ओळी: भाषांतर, छपाई, ऑडिटची फी, संस्थेचा ओव्हरहेड (कार्यालयीन वरखर्च), निष्कर्ष सांगण्यासाठी तालुक्याच्या बैठका. लॅपटॉप-प्रिंटर मात्र जपून मागा.

८. एथिक्स कमिटी आणि संमती

माणसांकडून माहिती घेणार असाल तर एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, मग रक्त काढा किंवा नुसते प्रश्न विचारा. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं हा त्याचा पाया. कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणीकृत हवी. वैद्यकीय महाविद्यालयांत अशा कमिट्या असतात. आपल्या संस्थेत नसेल तर दुसऱ्या संस्थेशी लेखी करार करून तिच्या कमिटीकडे जाता येतं. जोखीम अगदी कमी असेल तर जलद तपासणीची सोय असते, अर्जात तसं मागा. तुम्ही सेवेत मुद्दाम बदल करून त्याचा परिणाम तुलनेनं पाहणार असाल तर पहिली व्यक्ती सहभागी होण्याआधी सीटीआरआय या देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदणी करा. ती मोफत असते.

संमतीपत्रक पुस्तकी मराठीत लिहू नका. चंदगडची बोली वेगळी, शिरोळ-गडहिंग्लजच्या सीमाभागात घरात कन्नड बोलली जाते, टोळ्यांत लमाणी बोलणारी कुटुंबं असतात. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवा आणि समोरच्या बाईला विचारा, ‘काय समजलं, सांगा बघू.’ मुकादम शेजारी उभा असताना घेतलेली संमती ही संमती नव्हे. तो बाजूला कसा होईल याची योजना प्रस्तावातच हवी.

नाव, मोबाइल क्रमांक आणि आजार एकाच एक्सेलमध्ये ठेवू नका. नावांची यादी वेगळी, उत्तरं वेगळी, मध्ये फक्त सांकेतिक क्रमांक. आणि व्हॉट्सॲपवर कुणाच्याही तपासणीचा फोटो फिरता कामा नये, अगदी आपसांतसुद्धा.

९. मंजुरी मिळाल्यावर

पहिल्या आठवड्यात संस्थेच्या लेखापालांसोबत बसा. सरकारी अनुदानाचा हिशेब सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे द्यावा लागतो. वर्षाअखेर युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशावर खर्च झाले याचं प्रमाणपत्र) वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो, आणि हप्ता अडला की पहिला फटका फिरतीवरच्या मुलींच्या पगाराला बसतो. बजेटातल्या एका शीर्षाचे पैसे दुसऱ्यावर खर्च करायचे तर आधी मंजुरी. खात्यावर साठलेलं व्याजही आपलं नसतं, तेही दाखवायचं आणि परत करायचं.

नकार आला तर परीक्षकांचे शेरे मागा, ते बऱ्याचदा मिळतात. शेऱ्यांप्रमाणे बदल करून तोच प्रस्ताव दुसरीकडे पाठवण्यात काही गैर नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवला असेल तर तसं दोन्हीकडे लिहा.

१०. निष्कर्ष कुठे आणि कधी द्यायचे

शोधनिबंध छापून यायला वर्ष लागतं, आरोग्य खातं तोवर थांबत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आराखडा अलीकडे दोन-दोन वर्षांचा होतो, २०२२-२४ आणि २०२४-२६ तसेच झाले. जिल्ह्याचा मसुदा आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या कित्येक महिने आधी बनतो. तुमचं दोन पानी मराठी टिपण त्या आधी डीएचओ कार्यालयात आणि जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापकांच्या टेबलावर असलं पाहिजे. पहिल्या पानावर काय सापडलं, दुसऱ्यावर काय बदलावं, त्याला किती खर्च येईल आणि तो आराखड्याच्या कोणत्या शीर्षात बसेल. शीर्ष शोधायला त्याच कार्यालयातल्या लेखा विभागाची मदत घ्या, त्यांना ते तोंडपाठ असतं.

त्याच आठवड्यात पीएचसीच्या मासिक बैठकीत आशाताईंना निष्कर्ष सांगा, त्यांनीच गोळा केलेल्या माहितीतून काय दिसलं ते. साखर कारखान्याच्या शेती विभागालाही एक प्रत द्या. आणि टोळ्या गावी परतायच्या आत, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, ज्या कोप्यांवर मुलाखती घेतल्या तिथे पुन्हा जाऊन, इथल्या तपासणीची नोंद गावाकडच्या उपकेंद्रात कशी दाखवायची हे प्रत्येकीला समजावून कार्ड तिच्या हातात द्या. त्या फेरीचा प्रवासखर्चही बजेटात आधीपासून धरलेला असू द्या.